उघाडीवरची कत्रीनबाय

खाडीवर पूल झाला नव्हता आणि पलीकडे जायचं तर होडीवाल्याला हाका मारून मारून घसा बसायचा, तेव्हाची ही गोष्ट. करंजखार गावात कत्रीनबाय नावाची एक विधवा राहत होती. उघाडी सांभाळणं हे तिचं काम.

उघाडी म्हणजे काय ते करंजखारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण तुम्ही बाहेरगावचे, म्हणून सांगायला हवं. गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे. त्या बांधाच्या पोटात दगडी चौकटीचं एक दार आहे आणि चौकटीच्या खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसतात. पावसाळ्यात ओहोटीला फळ्या काढल्या की शेतातलं पाणी खाडीत जातं, आणि भरतीच्या आत त्या परत लावल्या की खाडी शेतात येत नाही. उन्हाळ्यात फळ्या लावलेल्याच असतात. पण फटींतला चिखल उन्हाने तडकतो, म्हणून उधाणाच्या दिवसांत दर भरतीआधी पेंढा आणि ओला चिखल घेऊन सगळ्या फटी नव्याने लिंपाव्या लागतात. बांधाच्या अलीकडे गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या, केळी होत्या, पानवेली होत्या. खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या जमिनीत कित्येक वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही.

आधी हे काम कत्रीनबायचा नवरा जुजे करायचा. तो तापाने गेला. त्याला देवळाच्या आवारात, चिंचेच्या बाजूच्या भिंतीशी माती दिली. (इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, तेव्हा गोंधळून जाऊ नका.) दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हा उघाडीवर कोण जाणार, हे कोणी कोणाला विचारलं नाही. कत्रीनबायने साडीचा काष्टा घातला आणि ती गेली. त्यानंतर रोज तीच जात राहिली आणि गावाला वाटलं, लागली व्यवस्था. गावाला असं वाटायला फार वेळ लागत नाही.

कत्रीनबाय कामाला पक्की होती, पण मनाने फार गोंधळलेली बाई. तिला प्रार्थना धड पुरी करता यायची नाही. चिखल तुडवताना ती नमो मरिया म्हणायला घ्यायची, अर्ध्यात आली की फळी अडकायची. मग ती म्हणायची, "थांब गो माय, जरा ही फळी बघते." फळी बसेपर्यंत प्रार्थना कुठे राहिली ते विसरून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. असं म्हणतात, की आयुष्यभरात तिच्या निम्म्याहून जास्त प्रार्थना उघाडीतच अर्धवट राहिल्या.

याची तिला फार काळजी लागून राहिली होती. गावात नव्याने आलेल्या फादर सिल्वेस्तना तिने एकदा पापनिवेदनाच्या वेळी विचारलंही.

"फादर, अर्धी प्रार्थना वर पोचते काय?"

फादर म्हणाले, "मन लावून म्हटली असेल तर पोचते."

"मन फळीवर असतं, फादर."

फादर विचार करून सांगतो म्हणाले. ते विचार करत राहिले आणि ती वाट बघत राहिली.

देवळाच्या दाराशी एक दगडी डोण होती. प्रत्येकाने तिच्यातल्या पाण्याने पाय धुवायचे आणि मगच आत जायचं, अशी रीत. ती रीत पाळली जाते की नाही हे बघायला बस्त्याव होता. तो देवळाची घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा, आणि देवळाची फरशी जणू त्याच्या सासऱ्याने त्याला आंदण दिली होती अशा थाटात ती जपायचा. एका रविवारी कत्रीनबाय उघाडीवरून धावत पळत आली. तिने पाय धुतले, पण खाडीचा काळा चिखल एका धुण्याने जातो थोडाच? नखांत होता, भेगांत होता, घोट्यांच्या घड्यांत होता. बस्त्यावने हात आडवा केला.

"कत्रीनबाय, असा चिखल घेऊन देवाच्या घरात येतात काय? अगोदर आंघोळ कर, मग ये."

ती परत फिरली. आंघोळ करून येईपर्यंत मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, संपली होती. बस्त्याव दुष्ट नव्हता, हेही सांगायला हवं. फरशी स्वच्छ राहिली तर देव खूश राहतो, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं. आणि कत्रीनबायलाही तेच वाटायला लागलं, ही खरी वाईट गोष्ट. त्या दिवसापासून ती देवळात आली तरी सगळ्यांच्या मागे, बाजूच्या दाराशी, खांबाच्या आडोशाला बसायची. त्या काळी बायका देवळात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरी चादर पांघरून बसत. ती चादर पायांवर ओढून घेऊन ती पाय झाकायची.

आता खरा घोळ कुठे होता ते ऐका. पास्काचा सण, म्हणजे प्रभू येशू मरणातून उठला तो दिवस, नेहमी पुनवेच्या पाठोपाठ येतो. आणि पुनवेला खाडीला उधाण येतं. म्हणजे सगळं गाव नवे कपडे घालून सकाळी देवळात निघायचं, नेमकी तेव्हाच भरती बांधाकडे निघालेली असायची. हे गावाला माहीत नव्हतं असं नाही. पण या दोन गोष्टी कोणी एकत्र करून बघितल्या नव्हत्या, एवढंच.

गावकीचा एक जुना नियम होता. लागोपाठ तीन पास्के जो देवळात दिसणार नाही, त्याला देवळाच्या आवारात माती मिळणार नाही. नियम केला होता तो दारू पिऊन सणाला लोळणाऱ्या पुरुषांसाठी. पण नियम झाला की तो सगळ्यांना लागतो. जुजे होता तोवर एका पास्काला तो उघाडीवर राहायचा, दुसऱ्याला ती; तो गेल्यापासून कत्रीनबायचे दोन पास्के चुकले होते. तिसरा जवळ आला तेव्हा बस्त्यावनेच तिला आठवण करून दिली. त्यालाही बिचाऱ्याला काळजीच होती.

"या खेपेला चुकवू नको गो. नाय तर जुजे आत आणि तू भिंतीबाहेर."

कत्रीनबायला मरणाची भीती नव्हती. पण जुजेच्या शेजारची जागा तिने मनात केव्हाच धरून ठेवली होती. त्या जागेवरचं गवत ती स्वतः काढायची. आपण भिंतीबाहेर एकटीच पडलो आहोत, हा विचार तिला झोपू देईना.

सणाच्या आदल्या दिवशी ती घरोघर गेली. एवढी एक सकाळ कोणीतरी उघाडीवर बसा, म्हणाली. एकाचा नवा सदरा होता. एकाकडे पाहुणे येणार होते. एक म्हणाला, "सणाच्या दिवशी चिखलात? आमची मिस्सा चुकली तर?" कत्रीनबाय त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

पास्काच्या दिवशी ओहोटी पूर्ण खाली गेली तेव्हा उजाडत होतं. कत्रीनबायने सगळ्या फटी दुप्पट चिखलाने लिंपल्या, होता नव्हता तेवढा पेंढा कोंबला. मग घरी जाऊन आंघोळ केली, पाय घासघासून लाल केले, पांढरी चादर घेतली आणि देवळाची वाट धरली. जाताना तिने उघाडीला बजावलं, "आजच्या दिवस धर गो." बाई एकटी राहिली की दारांशीही बोलायला लागते.

वाटेत एक दगडी क्रूस आहे. तिथून देऊळ जेवढं लांब, तेवढीच उघाडी लांब. कत्रीनबाय क्रुसापाशी आली आणि देवळाची घंटा सुरू झाली. त्याच वेळी मागून तिच्या कानावर एक बारीक आवाज आला. फटीतून पाणी घुसताना फस्स करून होतो, तो. दुसऱ्या कोणाला तो ऐकूही आला नसता. तिने तो रोज ऐकला होता.

ती देवळाकडे चार पावलं गेली. परत आली. उघाडीकडे गेली. पुन्हा परत आली. असं म्हणतात, की त्या क्रुसाभोवतीची वाट त्या सकाळी तिच्या पायांनी खोलगट झाली आणि आजही तिथे पावसाचं पाणी साचतं. शेवटी ती क्रुसासमोर उभी राहिली आणि सरळ भांडायलाच लागली.

"तू सांग ना! तिकडे गेले तर विहिरी जातात, इकडे गेले तर माझा जुजे जातो. तिकडे तुझी घंटा वाजते, इकडे पाणी हाक मारतं. दोन्ही तुझंच. मग मी अडाणी बाईने काय करायचं? तू सुतार होतास ना रे? अर्ध्यावर टाकलंस कधी काम?"

क्रूस दगडाचा होता. तो काही बोलला नाही.

मग कत्रीनबाय रडत रडत उघाडीकडे पळाली. आपण बरोबर करतो आहोत असं तिला मुळीच वाटलं नाही, हे नीट लक्षात ठेवा. लोक मागाहून गोष्ट सांगताना तिला फार शहाणी करतात. ती शहाणी झाली नव्हती. पाणी येत होतं म्हणून ती पळाली.

खालची फळी खाचेतून सरकली होती आणि हातभर फट पडली होती. पेंढा संपलेला. चिखल लावावा तर पाणी तो धुऊन नेत होतं. तिने इकडे तिकडे पाहिलं. मग अंगावरची पांढरी चादर काढली, देवळात जायची एकुलती एक चादर, तिचा बोळा केला आणि फटीत कोंबला. वरून चिखल थापला. तरी फळी हलेच, म्हणून ती आतल्या बाजूने पाठ लावून चिखलातच बसली. बाहेर खाडी चढत गेली, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, डोक्याच्याही वर, आणि मध्ये फक्त ती फळी. तिने नमो मरिया म्हणायला घेतलं. अर्ध्यात रडू आलं. पुन्हा घेतलं. असं किती वेळा झालं ते तिलाही सांगता आलं नाही.

तिकडे देवळात मिस्सा चालू होती. आणि बाजूच्या दाराशी, खांबाच्या आडोशाला, कत्रीनबायच्या जागेवर पांढरी चादर पांघरून कोणीतरी बसलं होतं.

बस्त्यावने ते आत येताना पाहिलं होतं. पाय घोट्याच्या वरपर्यंत काळ्या चिखलाने भरलेले, चादरीतून पाणी ठिबकत होतं. तो अडवायला पुढे झाला. पण त्याचा हात वर उचललाच गेला नाही, असं म्हणतात. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळ्या बायकांच्या शेवटी तीही आली. तोंड चादरीत होतं. चादर हनुवटीशी धरलेला हात तेवढा फादरांना दिसला. हाताला भेगा होत्या, नखांत चिखल होता. काही जण सांगतात, की त्या हाताच्या मधोमध एक जुनी खूण होती, खिळा गेल्यासारखी. फादर सिल्वेस्तना मरेपर्यंत लोकांनी याबद्दल विचारलं. ते एवढंच म्हणायचे, "हात कामाचा होता."

मिस्सा संपली तेव्हा ती जागा रिकामी होती आणि फरशीवर चिखलाची दोन पावलं उमटलेली होती.

दुपारी भरती उतरली. सणाचं जेवण झालेली माणसं बांधावर फिरायला आली, तर कत्रीनबाय चिखलात माखून उघाडीला टेकून बसलेली. ओठ निळे पडलेले.

"अगो, तू केव्हा आलीस इथे? आता तर देवळात होतीस!"

"मी कुठे देवळात? मी इथेच हाय."

"बस्त्यावने बघितलं. फादरांनी प्रसाद दिला तुला!"

कत्रीनबाय आधीच गोंधळलेली, ती आणखी गोंधळली. क्षणभर तिला वाटलं, आपण जाऊन आलो आणि विसरलो की काय? पण पाठीवर फळीचे वळ होते. बस्त्याव धावत आला. तो तिच्या शेजारी वाकला आणि कानाशी म्हणाला, "बाय, हो म्हण. तुझा पास्का झाला. जुजेजवळची जागा तुझी झाली. फक्त हो म्हण."

सगळं गाव बघत होतं. एक शब्द म्हटला असता तर सगळं मिळत होतं, आणि तो शब्द तिच्या तोंडात दुसऱ्यांनीच आणून ठेवला होता. कत्रीनबायने चिखलाच्या हातानेच डोळे पुसले. मग हुंदका देऊन म्हणाली,

"नाय रे बस्त्याव. मी आले नव्हते. खोटं बोलून मी जुजेच्या शेजारी कशी झोपू? त्याला कळेल ना."

आता गावाचीच पंचाईत झाली. ती आली होती म्हणावं, तर ती नाही म्हणते. आली नव्हती म्हणावं, तर पावलं फरशीवर आहेत. कोणी म्हणालं, बाईला वेड लागलं. कोणी म्हणालं, बस्त्यावने सणाची घेतली असेल. सगळे एकदम बोलायला लागले आणि कोणाचं कोणाला ऐकू येईना.

फादर सिल्वेस्त आले. त्यांनी पायांतले बूट काढले, झगा वर खोचला आणि चिखलात उतरले. फटीत हात घालून त्यांनी चाचपलं. चिखलाच्या आत चादरीचं टोक लागलं. ते त्यांनी बाहेर ओढलं नाही. तिथेच, कत्रीनबायच्या शेजारी, ते चिखलात बसले.

"कत्रीनबाय, मला यातलं काही कळत नाही."

"मलाही नाय, फादर."

"ही चादर सकाळपासून इथेच होती?"

"इथेच."

फादरांनी उघाडीच्या फळ्यांकडे बघितलं. मग विचारलं, "उद्याची भरती केव्हा?"

"आजच्यापेक्षा जरा उशिराने. पण उधाण अजून हाय."

"मग चिखल कसा तुडवायचा ते मला दाखव."

गाव वर बांधावर उभं होतं, नव्या कपड्यांत. फादरांनी खालूनच त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "देवळात हिच्या जागी कोण बसलं होतं, हे तुम्ही मघापासून विचारताय. तुमच्या सगळ्यांच्या जागी इथे कोण बसलं होतं, हे कोणी विचाराल का?"

मग बस्त्याव खाली उतरला. त्याने नवं धोतर वर घेतलं आणि पेंढा आणायला गेला. त्याच्या मागून नव्या सदऱ्याचा माणूसही उतरला.

कत्रीनबाय त्यानंतर बरीच वर्षं जगली. तिचा गोंधळ काही गेला नाही. त्या दिवशी देवळात कोण होतं, असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "मला काय ठाऊक? मी कामात होते." फादरांना मात्र तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. एकदा तिच्या बरोबरीने फळी उचलताना ते म्हणाले, "तुझी अर्धी प्रार्थना वर पोचते, कत्रीनबाय. उरलेली अर्धी या फळीत असते." ती म्हणाली, "बरं, आता जोर लावा."

ती गेली तेव्हा तिला जुजेच्या शेजारीच माती दिली. तो तीन पास्क्यांचा नियम कोणी मोडला नाही, बदलला नाही. तो कोणाला आठवलाच नाही. खड्ड्यात पहिली मूठ टाकली ती बस्त्यावने, उघाडीजवळच्या काळ्या चिखलाची.

आता खाडीवर पूल आहे, उघाडीला लोखंडी दार आहे, ते चाकाने फिरतं आणि चिखल लिंपायची गरज उरलेली नाही. तरी करंजखारला पास्काची घंटा अजून घड्याळावर वाजत नाही. सगळं गाव नव्या कपड्यांत आधी बांधावर जातं. फादर अनवाणी खाली उतरून पहिला चिखल लावतात, मग बायका, पुरुष, पोरं, एकेक मूठ. उघाडी लिंपून झाली की तिथून कोणीतरी ओरडतं, "धरली!" आणि मग देवळात घंटा होते. त्या दिवशी दाराची दगडी डोण कोरडी ठेवतात. पाय कोणी धुवायचे नाहीत. मिस्सा झाल्यावर सगळी फरशी बस्त्यावच्या घराण्यातला माणूस गुडघ्यांवर बसून पुसतो, आणि हे काम तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही.

बाजूच्या दाराशी, खांबाच्या आडोशाला एक जागा असते. तिथे कोणी बसत नाही. तरी दर पास्काला फरशी पुसताना तिथे चिखलाची दोन ओली पावलं मिळतात, असं म्हणतात. ती कत्रीनबायची की तिच्या जागी येऊन बसला होता त्याची, यावर गावात अजून वाद आहे. सणाच्या दुपारी जेवणं झाली की म्हातारे ओट्यांवर बसून तो हिरिरीने घालतात. मग कोणीतरी खाडीकडे बघतं, पाणी वळल्याचं सांगतं, आणि वाद अर्ध्यावर टाकून सगळे जुन्या सवयीने उघाडीकडे निघतात.